ताटातले पाणी: मांबलमच्या तलावापासून शाळेच्या घंटेपर्यंत

चेन्नईच्या वेस्ट मांबलम या उपनगरात 'लेक व्ह्यू रोड' नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून कोणताही तलाव दिसत नाही. थोडे उत्तरेस नुंगमबाक्कमला 'टँक बंड रोड' आहे, 'लेक एरिया' नावाची वस्ती आहे. तेथेही पाणी नाही. शंभर वर्षांपूर्वी मद्रास शहराची पश्चिम सीमा आखणारा, काही किलोमीटर लांबीचा एक चंद्रकोरी तलाव या भागात होता. इंग्रजी कागदपत्रांत त्याला 'लाँग टँक' म्हणत. त्याच्या काठाशी मांबलम हे गाव वसले होते. गावाचे नाव 'महाबिल्व', म्हणजे बेलाच्या वनावरून आले, अशी स्थानिक समजूत आहे. बेलफळाचे सरबत हे उन्हाळ्यातले जुने पेय. ती समजूत खरी असेल, तर वृक्ष आणि जलाशय या दोन्ही अर्थांनी हे गाव उन्हाळ्याला तोंड देण्याच्या तयारीनेच वसले होते, असे म्हणावे लागेल.

१९२०च्या दशकात वाढत्या शहराला घरांसाठी जमीन हवी होती. १९२० साली मद्रास प्रांताचा नगररचना कायदा झाला आणि १९२३ च्या सुमारास तलाव रिकामा करून त्या जागी आखीव वसाहत उभारण्यास प्रारंभ झाला. या वसाहतीला नाव दिले गेले त्यागराय नगर, आजचे टी. नगर. लोहमार्गाच्या पूर्वेस टी. नगर, पश्चिमेस वेस्ट मांबलम. पूर्वेकडे रुंद रस्ते आणि उद्यान आले. पश्चिमेकडचा भाग पुढची कित्येक दशके डासांसाठी आणि हत्तीरोगासाठी बदनाम राहिला. तेथील रहिवाशांना आरोग्यसेवा मिळावी म्हणून १९५०च्या दशकात लोकवर्गणीच्या बळावर उभे राहिलेले 'पब्लिक हेल्थ सेंटर' आजही त्याच लेक व्ह्यू रोडवर आहे.

वसाहतीला ज्यांचे नाव मिळाले ते सर पिट्टी त्यागराय चेट्टी हे जस्टिस पक्षाचे एक संस्थापक आणि मद्रास महापालिकेचे अध्यक्ष. भारतातील शालेय पोषणाच्या इतिहासात त्यांचे स्थान पहिल्या पानावर आहे. १९२० मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या एका शाळेत मुलांना दुपारचे खाणे देण्यास मंजुरी दिली. गरीब घरची मुले उपाशीपोटी शाळेत येत नाहीत आणि आली तर टिकत नाहीत, हे कारण त्यामागे होते. खर्चाची मर्यादा ठरली दर मुलामागे दिवसाला एक आणा. योजना आणखी चार शाळांत पोहोचली आणि पटावरची संख्या वाढली. परंतु हा खर्च प्राथमिक शिक्षण निधीतून करण्यास ब्रिटिश सरकारने हरकत घेतली आणि १९२५ मध्ये योजनेला खीळ बसली. चेट्टी यांचे निधनही त्याच वर्षी झाले.

ज्या दशकात मद्रासने मुलांच्या अन्नाचा हिशेब मांडायला सुरुवात केली, त्याच दशकात तिने आपला एक मोठा जलाशय हिशेबातून वगळला. या दोन घटनांमध्ये कार्यकारण नाही. तरीही पुढच्या शंभर वर्षांत अन्न आणि पाणी या दोन गोष्टी सरकारी वहीत ज्या वेगवेगळ्या पानांवर गेल्या, त्याचे हे लक्षात राहण्याजोगे उदाहरण आहे.

अन्नाच्या पानावरील नोंदी भरघोस आहेत. १९५६ मध्ये मुख्यमंत्री के. कामराज यांनी मद्रास राज्यात शाळेतील दुपारच्या जेवणाची योजना व्यापक केली. १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत 'पौष्टिक भोजन योजना' आणली. त्या वेळी अर्थतज्ज्ञांनी खर्चावरून नाके मुरडली होती. आज त्याच योजनेचा दाखला जगभर दिला जातो. १९८९ नंतर ताटात अंडे आले, आधी पंधरवड्यातून एकदा, मग वाढत वाढत जवळजवळ रोज. सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत सकाळच्या न्याहारीची योजना सुरू झाली. राष्ट्रीय पातळीवर १९९५ मध्ये मध्यान्ह भोजनाचा कार्यक्रम आला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे आणि त्यात किमान ३०० कॅलरी व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत, असा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे प्रमाण प्राथमिक वर्गांसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिकसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे ठरवले. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आठवणाऱ्या मराठी पिढीला या आकड्यांमागचा प्रवास वेगळा सांगावा लागणार नाही.

आता पाण्याचे पान पाहावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी 'सुरक्षित आणि पुरेसे' पिण्याचे पाणी असावे असे म्हटले आहे. अन्नसुरक्षा कायद्यातही शाळेत आणि अंगणवाडीत पिण्याच्या पाण्याची सोय असावी, एवढेच आहे. प्रथिने ग्रॅममध्ये मोजली गेली. पाणी विशेषणात राहिले. एका मुलाने शाळेच्या वेळेत किती पाणी प्यावे, याचा आकडा या कायद्यांत नाही.

असा आकडा काढता येत नाही असे नाही. १९५७ मध्ये, म्हणजे कामराजांच्या योजनेनंतर वर्षभरातच, माल्कम हॉलिडे आणि विल्यम सेगर या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी रुग्णालयातील मुलांना शिरेतून किती द्रव द्यावा याचे सूत्र प्रसिद्ध केले. वजनाच्या पहिल्या १० किलोंसाठी किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या १० किलोंसाठी किलोमागे ५०, त्यापुढे २०. जगभरचे बालरोगतज्ज्ञ हे सूत्र शिकतात, परंतु त्याचा उगम फारसा आठवत नाहीत. हॉलिडे आणि सेगर यांनी आधी मुलांच्या ऊर्जाखर्चाचा अंदाज घेतला आणि खर्च होणाऱ्या प्रत्येक १०० कॅलरींमागे सुमारे १०० मिलिलिटर पाणी, असे गणित मांडले. पाण्याची गरज त्यांनी उर्जेच्या गरजेतूनच काढली. त्या हिशेबाने २० किलो वजनाच्या मुलाला दिवसाला दीड लिटर पाणी लागते, आणि तेही पलंगावर पडून असताना. सूत्र रुग्णांसाठी आहे, खेळत्या मुलांसाठी नाही. तरी ताटात ४५० कॅलरी वाढताना शेजारी निदान ४५० मिलिलिटर पाण्याचा पेला ठेवायला हवा, एवढे ते सुचवते.

उन्हाळ्यात हा आकडा का वाढतो, हे ऊष्मागतिकीचे सरळ गणित आहे. एक किलो शरीराचे तापमान एक अंशाने वाढवण्यास सुमारे ०.८३ कॅलरी (आहारशास्त्रातील, म्हणजे किलोकॅलरी) लागतात. २० किलोच्या मुलासाठी हा आकडा सतरा कॅलरींच्या आसपास येतो. धावणारे मूल तासाला शंभर कॅलरी उष्णता निर्माण करते असे धरले आणि ती बाहेर पडण्याची वाटच बंद केली, तर दहा-अकरा मिनिटांत शरीर एका अंशाने तापेल. ही वाट उघडी ठेवतो तो घाम. एक ग्रॅम घाम त्वचेवरून वाफ होताना सुमारे ०.५८ कॅलरी उष्णता घेऊन जातो. तासाभराची ती शंभर कॅलरी घालवायला जवळजवळ १७० मिलिलिटर घामाचे बाष्पीभवन व्हावे लागते. अट एकच: घाम वाफ झाला पाहिजे, टपकून गेला तर उपयोग नाही. मद्रासच्या दमट हवेत नेमके हेच अवघड होते. ३१ मे २००३ रोजी नुंगमबाक्कमच्या वेधशाळेत ४५ अंश सेल्सिअसची नोंद झाली. तो आकडा कुणालाही भीतिदायक वाटतो. परंतु समुद्राकाठी ३६ अंशांचा चिकट दिवसही शरीरासाठी कमी कठीण नसतो. विदर्भातल्या कोरड्या ४३ अंशांत घाम दिसतही नाही इतक्या वेगाने उडून जातो आणि पाणी केव्हा संपले ते कळत नाही. चेन्नईत घाम अंगावर साचतो आणि थंडावा मिळत नाही. दोन्हीकडे मुलाचे पाणी जातेच.

मुलांच्या बाबतीत आकारमानाचाही प्रश्न आहे. ७० किलोच्या प्रौढाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.८ चौरस मीटर, म्हणजे किलोमागे २५७ चौरस सेंटिमीटर. २० किलोच्या मुलाचे क्षेत्रफळ सुमारे ०.८ चौरस मीटर, म्हणजे किलोमागे ४००. भोवतालची हवा त्वचेहून थंड असेल तर हे मोठे क्षेत्रफळ मुलाला फायद्याचे ठरते. हवा किंवा शाळेचा पत्र्याचा वर्ग त्वचेहून गरम झाला की तोच फायदा उलटतो आणि मूल प्रौढापेक्षा वेगाने उष्णता शोषू लागते. दीर्घकाळ पाठ्यपुस्तके सांगत की मुलांची उष्णता-नियमन यंत्रणाच मुळात कच्ची असते. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०११ मध्ये आपली भूमिका बदलली: पुरेसे पाणी, विश्रांती आणि सावली मिळाली तर मुले प्रौढांइतकीच उष्णता सहन करू शकतात, असे तिने मान्य केले. हा बदल वरवर लहान दिसतो, पण त्याने दोष मुलाच्या शरीरावरून उचलून मोठ्यांनी केलेल्या व्यवस्थेवर ठेवला.

अन्न आणि पाणी यांना एकत्र बांधणारा सर्वांत सुंदर शोध मात्र आतड्यात लागला. ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी एक कल्पना मांडली: लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोज एकट्याने आत घेत नाहीत, ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्रच आत नेणारी यंत्रणा तेथे आहे. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग परासरणाने पाणी जाते. जुलाबांनी आतडे पाणी बाहेर टाकत असतानाही हे दार बहुधा उघडे राहते. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच, या यंत्रणेची माहिती नसताना, पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे मीठ-साखरेचे द्रावण देऊन परिणाम प्रसिद्ध केले होते. 'लॅन्सेट'मध्ये छापून येऊनही तो लेख दुर्लक्षित राहिला. १९६८ मध्ये ढाका येथे डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रीतसर चाचणीने ही पद्धत सिद्ध केली.

तिची खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचे द्रव संपले. तेव्हा डॉ. दिलीप महलनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटे भरून घेतली आणि ती पाण्यात विरघळवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिली. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत चार टक्क्यांच्या खाली आले. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. एवढ्या उशिराचे समर्थन करणे कठीण आहे.

या द्रावणाचे आजचे प्रमाण पाहिले तर त्यातील भौतिकशास्त्र उलगडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल, अगदी समसमान. सर्व कण मिळून २४५, म्हणजे रक्ताच्या सुमारे २९० या पातळीपेक्षा थोडे कमी; म्हणून पाणी आतड्यातून रक्ताकडे ओढले जाते. त्याउलट लिटरमध्ये शंभर ग्रॅम साखर असलेले गोड पेय घेतले, तर ती साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटल्यावर कणांची संख्या ५८० च्या पुढे जाते, रक्ताच्या दुप्पट. मग पाणी उलट दिशेने, रक्तातून आतड्यात जाऊ लागते. जुलाब झालेल्या मुलाला असे पेय दिले तर ते आणखी सुकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, प्रमाणित सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी अनेक वर्षे लढा दिला होता. विज्ञानवार्तांत या निर्णयाला लेबलाचा वाद म्हणून जागा मिळाली. खरे तर तो पाणी कोणत्या दिशेने वाहणार याचा वाद होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ओआरएस हे जुलाब-उलट्यांनी झालेल्या निर्जलीकरणावरचे औषध आहे. उन्हातून आलेल्या धडधाकट मुलाला साधे पाणी आणि वेळेवर जेवण पुरते. मीठ त्याला अन्नातून मिळते. उपाशी मुलाला मात्र ते मिळत नाही. त्याच्या पोटात नुसते पाणी जाते. त्यासोबत न मीठ असते न पिष्ट.

तमिळ स्वयंपाकघराला हे नाते फार पूर्वीपासून ठाऊक होते, अर्थात रेणूंच्या भाषेत नव्हे. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजत ठेवून सकाळी त्यात मीठ आणि ताक घालून, सोबत छोटे कांदे घेऊन खाणे ही तेथील कष्टकऱ्यांची उन्हाळी न्याहारी. भाताला 'पळय सोरु' म्हणतात आणि वरच्या पाण्याला 'नीरागारम्', म्हणजे नीर आणि आहार. (मराठीत 'निराहार' म्हणजे उपवास, एका ऱ्हस्व-दीर्घाने केवढा फरक पडतो!) आपल्याकडची आंबील आणि कोकणातली पेज याच कुळातली. १९८०च्या दशकात ढाका येथील संशोधकांनी तांदळाच्या पिठापासून केलेल्या द्रावणाच्या चाचण्या घेतल्या. पिष्टाचा एक लांब रेणू परासरणाच्या दृष्टीने एकच कण असतो, पण पचताना तो सावकाश शेकडो ग्लुकोज पुरवतो. त्यामुळे द्रावण गोड न होता दाराशी ग्लुकोज येत राहते. २००० साली चेन्नईपासून सुमारे १४० किलोमीटरवरील वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील बी. एस. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. लहान आतड्यात न पचणारे पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंकडून आंबवले जाते आणि तेथेही सोडियम व पाणी शोषण्यास मदत होते, हे त्यांनी पटकीच्या रुग्णांवर दाखवून दिले.

अर्थात यातील कोणताही उपाय स्वच्छ पाण्यावाचून चालत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळपास कोरडे पडले. काही शाळांनी वेळ कमी केली. १२ जुलै २०१९ रोजी जोलारपेटहून पन्नास वाघिणींची पहिली पाणीगाडी विल्लिवाक्कमला आली. तिच्यात २५ लाख लिटर पाणी होते. चेन्नईसारख्या महानगराला इतके पाणी म्हणजे माणशी एक पेलाही नीट होत नाही. जोलारपेट तेव्हा वेल्लूर जिल्ह्यातच होते. टँकरसाठी रांगा लागल्या, त्यांत बिंदगे घेतलेली मुलेही होती. तमिळनाडूत दर उन्हाळ्यात चौकाचौकांत 'तण्णीर पंदल', म्हणजे पाणपोया उभ्या राहतात, राजकीय पक्षांचे झेंडे लावून. ताक आणि कलिंगडाच्या फोडी वाटल्या जातात. या पाणपोया बहुधा मोठ्या रस्त्यांवर असतात, शाळांच्या दारांत क्वचितच.

त्याच २०१९ साली केरळमधील काही शाळांनी एक अगदी बिनखर्ची युक्ती काढली. ठरावीक वेळी घंटा वाजवायची आणि त्या घंटेला सर्व मुलांनी पाणी प्यायचे. तहान ही संवेदना मुळातच उशिरा जागी होते, आणि खेळात रमलेल्या मुलाला ती ऐकू येत नाही. तिचे काम घंटेने करायचे. कर्नाटक आणि तेलंगणाने हा प्रयोग उचलला, तमिळनाडूनेही २०२५ मध्ये शाळांतून 'वॉटर बेल' सुरू केली. अनेक मुली, विशेषतः जेथे स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते तेथे, शाळेत मुद्दाम पाणी पीत नाहीत. त्यांच्या बाबतीत घंटेआधी स्वच्छतागृहाचे दार दुरुस्त व्हावे लागते. तरीही थाउजंड लाइट्सच्या शाळेत पहिले ताट वाढले गेले त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, शाळेच्या वेळापत्रकात पाण्याला स्वतःची वेळ मिळाली.

घंटेच्या कक्षेबाहेर राहतो तो मे महिना. तमिळ पंचांगातील 'अग्नि नक्षत्रम्', ज्याला लोक 'कत्तिरी वेयिल' म्हणतात, ते साधारण ४ मेपासून महिनाअखेरीपर्यंत चालते. तेव्हा शाळांना सुट्टी असते, आणि सुट्टीत ताटही नसते, घंटाही नसते. अन्नसुरक्षा कायद्यातील मध्यान्ह भोजनाच्या कलमात 'शाळेच्या सुट्ट्या वगळून' हे शब्द स्पष्टच लिहिलेले आहेत. वर्षातील सर्वांत उष्ण आठवड्यांत गरीब घरच्या मुलाचे दुपारचे जेवण अशा रीतीने कायद्यानेच थांबते. याला एक अपवाद या कायद्यापूर्वीच सर्वोच्च न्यायालयाने केलेला आहे: २० एप्रिल २००४ च्या आदेशानुसार दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही शिजवलेले जेवण द्यावे लागते. दुष्काळ जाहीर करण्याची पद्धत आणि निकष सरकारकडे आहेत. उष्णतेच्या लाटेसाठीही हवामान खात्याचे निकष आहेत, रंगीत इशारे आहेत. पण त्या इशाऱ्यांना शाळेचे स्वयंपाकघर उघडण्याची तरतूद अजून जोडलेली नाही.